दोरा, हूक व बटणें

जमाखर्चाची वही हें वाङ्मय आहे असें आजवर कोणत्याहि साहित्यशास्त्रकारानें म्हटलेलें नाहीं, आणि ज्यांच्या नशिबीं अशी वही वर्षानुवर्षें लिहिणें आलें आहे त्यांनाहि तसें म्हणण्याचा धीर होत नाहीं. काव्यांत जें लिहिलेलें नसतें त्याला ध्वनि म्हणतात व त्याबद्दल कवीची वाहवा होते. जमाखर्चांत जें लिहिलेलें नसतें त्याला अफरातफर म्हणतात व त्याबद्दल चौकशी होते. दोन्ही शास्त्रांचा येथवर विरोध आहे खरा. परंतु एका लहानशा हौशी नाटकमंडळीचे हिशेब एकोणीस वर्षें लिहिल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, या दोहोंखेरीज तिसराहि एक प्रकार असतो. कोठेंच न लिहिलेली, आणि तरीहि जिच्यावर सारी वही उभी असते, अशी एक रक्कम असते. तिला ध्वनि म्हणावें तर ती कोणाला ऐकूं येत नाहीं, आणि अफरातफर म्हणावें तर ती कोणी घेतलेली नसून दिलेली असते.

आमची मंडळी सांगलीपासून एस. टी. नें तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका तालुक्याच्या गांवांत १९७८ सालीं निघाली. हायस्कुलांतले दोन शिक्षक, साखर कारखान्यांतला एक कारकून, तारकचेरींतले एक बाबू आणि एक होमिओपाथीचे डॉक्टर असे पांच जण एकत्र जमले, आणि पांचांनाहि नायकाचें काम हवें असल्यामुळें त्यांनीं पहिलें नाटक पांच सारख्याच लांबीच्या पुरुषपात्रांचें बसविलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी नसावी. पण हौशी मंडळ्यांच्या जन्मकथा बहुधा अशाच असतात. पुढें १८६० च्या कायद्याखालीं संस्थेची नोंदणी झाली, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालींहि झाली, घटना लिहिली गेली, शिक्का तयार झाला. आणि शिक्का आला म्हणजे तो सांभाळणारा कोणी तरी लागतोच, म्हणून खजिनदार आला. नट होण्यास आवाज लागतो, दिग्दर्शक होण्यास अधिकारवाणी लागते. खजिनदार होण्यास निवडणुकीच्या सभेला गैरहजर असणें एवढी एकच पात्रता पुरते. माझ्या बाबतींत मी बँकेंत नोकरीला होतों हें आणखी एक निमित्त झालें.

कायद्याच्या दृष्टीनें आमचें वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतें. त्या दिवशीं वही बंद करावयाची, ती सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावयाची, सभेपुढें ठेवावयाची व धर्मादाय कार्यालयांत दाखल करावयाची. नाटकाचें वर्ष मात्र पंचांगाप्रमाणें चालतें. आषाढी एकादशी झाली कीं संहितांचीं वाचनें सुरू होतात. श्रावणांत तालमी लागतात, त्या नवरात्रांत घसरतात, दिवाळींत बंद पडतात, आणि दिवाळीनंतर स्पर्धेची तारीख डोक्यावर आली म्हणजे रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत चालतात. राज्य सरकारची ही हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि आमच्यासारख्या कित्येक मंडळ्यांचें आयुष्य तिच्या तारखांवर टांगलेलें असतें. तिच्यांत नंबर येवो न येवो, ती नसती तर पुष्कळ गांवांत नाटक दर वर्षीं पुढच्या वर्षावरच ढकललें गेलें असतें. स्पर्धा आटोपली म्हणजे पौष-माघांत गांवांत दोन प्रयोग, आणि जत्रांच्या निमित्तानें शेजारच्या गांवीं दोन. मार्च येतो तेव्हां नेपथ्याच्या चौकटी कोणाच्या तरी गोठ्यांत जाऊन पडलेल्या असतात, टेंपोवाल्याचें बिल यावयाचें असतें, आणि सभासदांना नाटक आठवत असतें पण वर्गणी आठवत नसते.

सन २०२४-२५ चा हिशेब माझ्यासमोर आहे. जमेच्या बाजूस एकंदर रु. १,८६,४५०. त्यांत ६२ सभासदांची प्रत्येकीं ६०० रुपयांप्रमाणें वर्गणी ३७,२००, गांवांतल्या दोन प्रयोगांची तिकिटविक्री ५९,२५०, बाहेरगांवच्या दोन सुपाऱ्या मिळून ३६,०००, देणग्या ३३,५००, ठेवीचें व्याज ६,१००, आणि बाकीची रक्कम म्हणजे स्पर्धेकडून मिळालेला खर्च, जुनें प्लायवूड विकून आलेले पैसे वगैरे. देणग्या हा शब्द वहींत भारदस्त दिसतो, पण ही सारी रक्कम अकरा जणांनीं मिळून दिलेली आहे. त्यांतले एक कापडदुकानदार दर वर्षीं १,००१ रुपये देतात आणि पावती घेतांना ‘यंदां तरी विनोदी आहे ना ?’ असें विचारतात. यंदांहि तें विनोदी नसतें. पुढच्या वर्षीं ते पुन्हां १,००१ रुपये देतात व पुन्हां विचारतात. रसिकता म्हणून जी कांहीं वस्तु आहे ती मला त्या प्रश्नांत जितकी दिसते तितकी परीक्षकांच्या अभिप्रायांतहि दिसत नाहीं.

खर्चाची बाजू रु. २,२४,९०० ची आहे. म्हणजे तूट ३८,४५०. या तुटीकडे वळण्यापूर्वीं नाटकाच्या खर्चाची घडण थोडी सांगितली पाहिजे, कारण ती बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. हा खर्च दोन जातींचा असतो. नेपथ्य, पोषाख, तालमी, संहितेचें परीनिरीक्षण मंडळाकडून घ्यावयाचें प्रमाणपत्र हा खर्च पडदा एकदां उघडो कीं पन्नासदां उघडो, एकदांच होतो. नाट्यगृहाचें भाडें, दिवे, ध्वनि, टेंपो, लेखकाचें मानधन हा खर्च पडदा जितक्या वेळां उघडेल तितक्या वेळां होतो. धंदेवाईक नाटकाला शंभर प्रयोग मिळाले तर पहिल्या जातीचा खर्च शंभर ठिकाणीं वांटला जातो. आम्हांला स्पर्धेचा धरून पांच मिळतात. आतां गांवांतला दुसरा प्रयोग घ्या. ४८० खुर्च्यांच्या नाट्यगृहांत १६४ तिकिटें गेलीं, दर १५० रुपये, गल्ला २४,६००. त्या रात्रींचा खर्च असा : भाडें १०,५००, दिवे व ध्वनि ८,४००, लेखकाचें मानधन २,०००, जाहिरात व छपाई सुमारें २,५००. शिल्लक राहिले बाराशें रुपये, आणि ते प्रयोगानंतरच्या जेवणांत संपले. नेपथ्याला लागलेले ३८,७०० रुपये ज्या नफ्यांतून भरून यावयाचे तो नफा हा एवढा.

तिकिट वाढवा, असें दर वर्षीं कोणी तरी सुचवितें. नाटकाच्या पांचशें रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तु व सेवा कर नाहीं, तेव्हां सरकारची आडकाठी नाहीं. आडकाठी आहे ती चौथ्या रांगेंत बसणाऱ्या निवृत्त मास्तरांची. ते पत्नी, सून व नातू यांना घेऊन येतात. चार तिकिटांचे सहाशें रुपये देतात. दर तीनशें केला तर ते एकटेच येतील, आणि नाटक पाहून घरीं गेल्यावर त्यांना त्यावर बोलण्यास कोणी असणार नाहीं. पुण्या-मुंबईचें नाटक आलें म्हणजे हेच लोक चारशें रुपये मोजतात हें खरें. परंतु ते दूरचित्रवाणीवर दिसणारा चेहरा प्रत्यक्ष पाहण्याचे मोजतात. आमच्या नायकाचा चेहरा ते तहसील कचेरींत रोज फुकट पाहतात. शिवाय गल्ला मोठा म्हणजे हिशेब सुखरूप, असेंहि नाहीं. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटकमंडळीचा गल्ला मराठी रंगभूमीवर अपूर्व होता. तरी भरजरी पोषाख, अत्तरें आणि भलें मोठें बिऱ्हाड यांच्या पायीं ती कर्जांत बुडालीच. आम्हांला बिऱ्हाड नाहीं. जो तो आपापल्या घरीं जेवून येतो. तालमींची जागाहि फुकट आहे. एक शाळा आपला वर्ग संध्याकाळनंतर वापरूं देते आणि विजेचे तेवढे पैसे घेते. गेल्या वर्षीं ते ३,६०० झाले. शाळेची एक जागा संध्याकाळीं मोकळी असणें ही रंगभूमीच्या इतिहासांत लहान गोष्ट नव्हे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत १९७४ पासून ‘आविष्कार’नें केलेल्या प्रयोगांना तर त्या शाळेचेंच नांव चिकटलें.

हौशी मंडळीच्या खजिनदाराला तूट ही स्वतःची बदनामी वाटते. निवृत्तीनंतर माझ्या वाचनांत एक ग्रंथ आला आणि ही भावना पुष्कळ कमी झाली. १९६६ सालीं विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं नाटक, संगीत, नृत्य यांच्या संस्थांच्या अर्थव्यवहाराचा विचार त्यांत केला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. गिरणींत यंत्रें सुधारतात, एक मजूर पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक कापड काढतो, म्हणून त्याची मजुरी वाढली तरी कापड त्या मानानें महागत नाहीं. परंतु चौघांनीं मिळून वाजवावयाच्या अर्ध्या तासाच्या रचनेला दोनशें वर्षांपूर्वीं चार माणसें व अर्धा तास लागत असे, आणि आजहि तितकेंच लागतें. वाजविणाऱ्याला मात्र जगाच्या बरोबरीनें मोबदला वाढवून द्यावाच लागतो. म्हणून कला इतर वस्तूंपेक्षां सारखी महाग होत जाते, आणि कलासंस्थेची तूट हा खजिनदाराचा नालायकपणा नसून वस्तुस्वभाव ठरतो. हें वाचून मला झालेलें समाधान मी लपवीत नाहीं. तें पान मीं कार्यकारिणीच्या सभेंत मोठ्यानें वाचूनहि दाखविलें.

पण मग शंका आली. हा वस्तुस्वभाव आमच्या वहींत कां दिसत नाहीं ? वीस वर्षांत आमचें भाडें वाढलें, दिवे महागले, टेंपोचा दर तिप्पट झाला. परंतु ज्या श्रमावर नाटक मुख्यतः उभें असतें त्याचा आंकडा १९७८ सालीं शून्य होता आणि आजहि शून्यच आहे. शून्याला महागाईनें कितीहि गुणलें तरी तें शून्यच राहतें. एका पावसाळी दुपारीं मीं सहज कागदावर मांडून पाहिलें. नऊ नट व पडद्यामागचे सहा जण मिळून पंधरा, साठ तालमी, प्रत्येक तालीम सरासरी अडीच तासांची. एकंदर २,२५० तास झाले. तासाला शंभरच रुपये धरले, आणि आमच्या गांवांतला गवंडी याहून कमी घेत नाहीं, तरी २,२५,००० रुपये होतात. म्हणजे वर्षाच्या सगळ्या खर्चाइतकीच आणखी एक रक्कम दर वर्षीं जमा होते व खर्ची पडते, आणि तिची पावती कोणी फाडत नाहीं. हा कागद मीं आमच्या लेखापालांना दाखविला. ते तरुण गृहस्थ आहेत; मला काका म्हणतात. त्यांनीं तो नीट पाहिला व परत केला. “काका, जें दिलें-घेतलें गेलें नाहीं तें पुस्तकांत धरतां येत नाहीं,” ते म्हणाले. शास्त्राप्रमाणें तें बरोबरच होतें, आणि मीं तो कागद घडी करून वहीच्या मागच्या कप्प्यांत ठेवून दिला.

माई आमच्या मंडळीच्या सभासद नव्हत्या. त्यांचे यजमान पहिल्या पिढींतले नट. ते १९९९ सालीं वारले. पुढें २००२ सालीं एका नाटकाला पेशवाई पोषाख हवे होते, आणि ते भाड्यानें आणण्याइतके पैसे नव्हते. तेव्हां माईंनीं आपल्या पायमशिनीवर ते शिवून दिले. त्यानंतर बावीस वर्षें आमच्या रंगमंचावर जें जें कापड आलें तें त्यांच्या हातांतून आलें. जुनीं लुगडीं, लग्नांतले फेटे, कोणाच्या घरचे पडदे, कोणाच्या आजोबांचें उपरणें. यांतून त्या कारभारी, वकील, इंग्रज अधिकारी, विधवा, पोलीस असे सारे लोक निर्माण करीत. जरीचे कांठ उसवून अंगरख्याला लावीत, आणि प्रयोग संपले म्हणजे ते पुन्हां उसवून ज्याचे त्याला परत करीत.

टेप घेऊन माप घेतांना त्यांना मीं क्वचितच पाहिलें. तिसऱ्या-चौथ्या तालमीला त्या शाळेच्या वर्गांत यावयाच्या, शेवटच्या बांकावर बसावयाच्या आणि नट चालतांना पाहावयाच्या. ‘हा बसतांना गुडघे फांकवतो, याला घेर जास्त ठेवायला हवा,’ किंवा ‘हिला पदर सांभाळतां येत नाहीं, टांचून द्यायला हवा,’ एवढेंच त्या बोलत. पण त्यांचें तें बोलणें दिग्दर्शकानें कान देऊन ऐकावें अशा योग्यतेचें असे, आणि शहाणा दिग्दर्शक तें ऐकेहि. दोन प्रवेशांच्या मध्यें पडद्यामागें चाळीस सेकंदांत पोषाख बदलावयाचा असेल तर बटणें कामाचीं नाहींत. प्रेक्षकांना दिसावींत म्हणून तीं वरून नुसतीं टांकावयाचीं असतात आणि आंतून मोठे हूक लावावयाचे असतात. हें मला त्यांच्याकडून कळलें. अंधारांत बोटांना सांपडावा म्हणून त्या प्रत्येक हुकाशेजारीं जाड दोऱ्याची एक गांठ मारून ठेवीत.

या कामाबद्दल त्यांनीं मंडळीकडून काय घेतलें तें वहींत आहे. दर वर्षीं स्पर्धेच्या आदल्या आठवड्यांत त्या शिवणसामानाच्या दुकानाची एक चिठी माझ्या हातावर ठेवीत, आणि ती रक्कम मी चुकती करीं. २०२३-२४ सालच्या हिशेबांत ‘दोरा, हूक व बटणें – रु. ४१०’ अशी ओळ आहे. त्याच्या आदल्या वर्षीं ३६५, त्याच्या आदल्या वर्षीं ३९०. बावीस वर्षांच्या वह्यांत माईंची म्हणून एवढी एकच ओळ आहे. सुईचे पैसे त्यांनीं कधीं लावले नाहींत. एके वर्षीं नाटकाला अंतिम फेरी मिळाली तेव्हां कार्यकारिणीनें त्यांना हजार रुपयांचें पाकीट द्यावयाचें ठरविलें आणि तें घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं चहा दिला व पाकीट परत केलें. “नको हो भाऊ. पैसे घेतले म्हणजे कपडे वेळेवर द्यावे लागतात,” त्या म्हणाल्या. वास्तविक त्यांनीं एकदांहि उशीर केला नव्हता.

२०२४ च्या श्रावणांत, तालमी लागून दहा दिवस झाले असतां, चार दिवसांच्या तापानें माई गेल्या. त्यांचें वय ७८ होतें. नाटक शंभर वर्षांपूर्वींच्या काळांतलें, नऊ पात्रांचें. त्यांतल्या तिघांचें कापड त्यांनीं बेतून ठेवलें होतें. तें त्यांच्या सुनेनें पिशवींत घालून शाळेंत आणून दिलें. पुढें आम्ही बाजारांतल्या एका शिंप्याकडे गेलों. माणूस कसबी आहे व सचोटीचाहि आहे. बेतलेल्या कापडावरच्या खडूच्या खुणांचा अर्थ त्यानें मला विचारला. मला तो सांगतां आला नाहीं, तेव्हां त्यानें सर्वांची पुन्हां मापें घेतलीं. त्यानें पोषाख वेळेवर दिले, बिल वाजवी लावलें आणि त्यांतहि हौशी मंडळी म्हणून कांहीं सोडलें. त्याचें बिल झालें २४,६०० रुपये. वहींतून ‘दोरा, हूक व बटणें’ ही ओळ गेली आणि तिच्या जागीं ‘शिलाई’ ही ओळ आली. बॉमोलसाहेबांचा वस्तुस्वभाव मला आमच्या पुस्तकांत हवा होता. तो असा आला.

वार्षिक सभा जुलै २०२५ मध्यें त्याच शाळेच्या वर्गांत झाली. बाहेर पाऊस होता. २९ सभासद हजर होते, आणि आमच्याकडे ही संख्या मोठी समजतात. मीं हिशेब वाचून दाखविल्यावर दिवाळीनंतर सभासद झालेला एक तरुण उठला. त्यानें आधींच्या वर्षाचा अहवाल वाचून आणला होता. असा सभासद खजिनदाराला दहा वर्षांतून एकदां मिळतो. “काका, शिलाईवर गेल्या वर्षीं कांहींच खर्च नाहीं आणि यंदां एकदम चोवीस हजार सहाशें. हें कसें ?” त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. परंतु वर्गांत कोणी बोलेना, आणि तो मुलगा आपलें कांहीं चुकलें कीं काय अशा मुद्रेनें इकडेतिकडे पाहूं लागला. शेवटीं मीं २०२३-२४ ची ती ४१० रुपयांची ओळ वाचून दाखविली व ती कोणाची हें सांगितलें. बावीस वर्षांच्या शिलाईची बेरीज कोणीं मागितली नाहीं. मागितली असती तर ती माझ्याजवळ तयार होती, पण ती वाचण्याची ती जागा नव्हती.

तुटीवर एक तोडगा सभेपुढें आधींपासूनच होता. गांवांतल्या एका धनिक गृहस्थांनीं दर वर्षीं एक लाख रुपये याप्रमाणें तीन वर्षें देण्याची तयारी कळविली होती. जाहिरातींत व पडद्यावर मंडळीच्या नांवाआधीं त्यांच्या पेढीचें नांव असावें आणि नाटक कुटुंबासह पाहण्यासारखें आहे कीं नाहीं हें त्यांना अगोदर दाखवून घ्यावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तींत अन्याय कांहीं नव्हता; जो घराला रंग देतो तो रंगाची छटाहि निवडतो. सभेंतल्या निम्म्या लोकांना ही देणगी घ्यावी असें वाटत होतें, आणि तीं माणसें लोभी नव्हतीं; नेपथ्याचे लांकडी तराफे दुरुस्त करतांना ज्यांचे हात सोलवटतात तींच तीं होतीं.

मीं विरोध केला. आमचें गांव सांगलीच्या जवळ, म्हणून सांगलीचाच दाखला दिला. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें तें सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. आश्रय उदार होता, पण तो एका माणसाचा होता. १८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि त्यांच्याबरोबर आश्रयहि संपला. भाव्यांना मंडळी घेऊन परमुलखीं हिंडावें लागलें, आणि १८५३ सालीं ते मुंबईंत ग्रँट रोडच्या नाट्यगृहांत तिकिटें लावून खेळ करूं लागले. मराठी नाटकाला प्रेक्षकाच्या खिशाची ओळख झाली ती अशी. एक लाखाचे तीन हप्ते संपल्यावर आम्हांला कोठें हिंडावें लागेल, असें मीं विचारलें. कारण तोंवर ६२ जणांची वर्गणी मागण्याची व देण्याची संवय मोडलेली असेल. ६०० रुपये देणारा माणूस वर्गणीदार असतो, भांडतो, सभेला येतो. लाख रुपये देणाऱ्याच्या मंडळींत तो नुसता प्रेक्षक होतो.

“पण आपण इतकीं वर्षें एकाच माणसावर होतों कीं,” मागून कोणी तरी म्हणालें. माईंचें नांव त्यानें घेतलें नाहीं. तें खरेंच होतें, आणि भाव्यांच्या दाखल्यानें तें खोटें पडत नव्हतें. मीं एवढेंच म्हटलें कीं, नाटक कोणतें करावें हें माईंनीं आम्हांला कधीं सांगितलें नाहीं. बाह्या कशा असाव्यात तेवढें सांगितलें.

मग पुष्कळ वेळ बोलणें झालें, त्याचा वृत्तांत येथें देण्यासारखा नाहीं. एका मुलीनें मोबाईलवर गुणाकार करून सांगितलें कीं वर्गणी सहाशेंची हजार केली तर ६२ जणांचे २४,८०० रुपये अधिक येतील आणि शिलाई भागेल. विद्यार्थ्यांना ती निम्मी असावी अशी दुरुस्ती आली. म्हणजे शिलाई पुरती भागणार नाहीं हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, किंवा आलें तरी कोणी बोललें नाहीं. त्या गृहस्थांकडून स्मरणिकेंतली एक पानभर जाहिरात दहा हजार रुपयांना घ्यावी आणि देणगीबद्दल त्यांचे आभार मानून ती नाकारावी असें ठरलें. त्यांनीं पुढें जाहिरात दिली, आणि मनांत अढीहि धरली नाहीं. यंदांची तूट नव्वद हजारांच्या ठेवींतून काढण्यास सभेनें नाखुषीनें संमति दिली. माईंना मरणोत्तर सन्माननीय सभासद करावें अशी एक सूचना आली. घटनेंत तशी तरतूद नाहीं असें चिटणिसांनीं दाखविलें आणि ती घटनादुरुस्तीबरोबर पुढच्या सभेवर गेली. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांत शिलाईखालीं २५,००० धरले आहेत. ‘दोरा, हूक व बटणें’ हें खातें बंद करूं का, असें लेखापालांनीं विचारलें होतें. तें शून्यावर चालू ठेवलें आहे.

हिशेब सव्वानऊला मंजूर झाला. त्यानंतर यंदां नाटक कोणतें करावयाचें हा विषय निघाला, आणि बारा वाजून गेले तरी तो संपला नाहीं.